भंगारातल्या काचेची झिलई, जाळीदार तड्यांशिवाय

मातीच्या भांड्यांच्या कामात फेल्स्पारच्या (वितळायला मदत करणाऱ्या खनिजाच्या) जागी काही प्रमाणात टाकाऊ काचेची पूड वापरली की भट्टी कमी तापवावी लागते, हे सिरॅमिकमधल्या अलीकडच्या संशोधनात वारंवार दिसून आलं आहे. काचेतला सोडा लवकर वितळतो म्हणून हे घडतं, आणि झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) फाटते तीही याच सोड्यामुळे. साधी बाटलीची काच तापल्यावर दर अंशाला लांबीच्या साधारण दशलक्षात 9 भाग पसरते, स्टोनवेअरची (जास्त तापमानावर भाजलेल्या टणक भांड्यांची) माती त्याहून बरीच कमी. थंड होताना झिलई जास्त आकसते, ताणली जाते आणि तिच्यावर जाळी उमटते. भट्टी सावकाश थंड केल्याने हा फरक जात नाही. उपाय करायचा तो मिश्रणातच.

बडोद्यात औषधांच्या आणि रसायनांच्या प्रयोगशाळा भरपूर, त्यामुळे बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी) काचही भंगारात मिळते. तिचं प्रसरण सुमारे 3.3, शिवाय तिच्यातला बोरॉन वितळायला मदत करतो. ओळख पटवायला तुकडा शेंगतेलात बुडवा: बोरोसिलिकेट जवळजवळ दिसेनाशी होते, बाटलीची काच दिसत राहते. आत काय होतं हे माहीत नसलेली प्रयोगशाळेची काच मात्र घेऊ नका. जुन्या टीव्हीची आणि क्रिस्टलची काचही नको, त्यात शिसं असतं.

लेबलं भिजवून काढा, काच वाळवा, झाकणाच्या लोखंडी खलात फोडा आणि चुंबक फिरवून लोखंडाचा चुरा काढा. मग बॉल मिलमध्ये (गोळ्यांनी दळणाऱ्या फिरत्या पिंपात) कोरडीच दळून 100 मेशच्या (इंचाला 100 छिद्रांच्या) चाळणीतून गाळा. कणांसाठीचा मास्क लावाच. पुढे लागणारी क्वार्ट्झची (गारगोटीची) पूड तर काचेपेक्षाही घातक, तिने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो.

1200 ते 1220 अंशांच्या स्टोनवेअरसाठी सुरुवात अशी: बाटलीची काच 50 ग्रॅम, बोरोसिलिकेट 25, चिनी माती 15, खडूची पूड (कॅल्शियम कार्बोनेट, फळ्यावरचा खडू नव्हे) 10, वर बेंटोनाइट (पूड पाण्यात तरंगती ठेवणारी चिकट माती) 2. पाणी 70 ते 80 मिली. याचे चार भाग करा: एक तसाच ठेवा, बाकीच्यांत झिलईचं आकसणं कमी करण्यासाठी कोरड्या वजनाच्या 5, 10 आणि 15 टक्के क्वार्ट्झ घाला. ज्या मातीची भांडी करता तिच्याच पट्ट्यांवर लावा, दुसऱ्या मातीवरचा निकाल तुमच्या कामाचा नाही.

घोल रात्रभर ठेवला की काचेतून सोडा पाण्यात उतरतो आणि तळाशी दगडासारखा थर बसतो. म्हणून लागेल तेवढाच कालवा. थर बसलाच तर 100 ग्रॅम कोरड्या मिश्रणाला पाव ग्रॅम एप्सम मीठ कोमट पाण्यात विरघळवून घाला.

बिस्किट (झिलई लावण्याआधी एकदा भाजलेलं भांडं) 1000 अंशांवर भाजलेलं असू द्या. काच 700 अंशांच्या पुढे मऊ होऊन पृष्ठभाग बंद करू लागते, आणि कच्च्या मातीतला, खडूतला वायू खाली अडकून फोड येतात. म्हणून 700 ते 900 अंशांदरम्यान तासाला 80 अंशांपेक्षा जास्त वेग नको. झिलई तीन सेकंद बुडवून लावा, जाडी एक मिलिमीटरच्या आत. कमाल तापमानावर 15 मिनिटं थांबा. भट्टी 100 अंशांखाली आल्यावरच उघडा. झिलई ओघळली तर चिनी माती वाढवा, खरखरीत राहिली तर क्वार्ट्झ कमी करा.

पट्टीवर शाई चोळून पुसा, तडे दिसतील. नाही दिसले तर तीन वेळा उकळत्या पाण्यातून थंड पाण्यात टाका आणि पुन्हा शाई चोळा. माती सच्छिद्र असेल तर पावसाळ्याची हवा पिऊन ती थोडी फुगते. अशा मातीवर भट्टीतून स्वच्छ निघालेली झिलईही महिन्यांनी तडकू शकते. त्यासाठी पट्ट्या एका पावसाळ्याएवढ्या राखून ठेवणं शहाणपणाचं.

वाटी किंवा कप करायचा असेल तर लिंबाची फोड रात्रभर त्यावर ठेवा. सकाळी तिथली चमक गेली किंवा रंग बदलला तर ती झिलई फक्त बाहेरच्या बाजूला. चमक टिकली तरी आतून लावण्याआधी प्रयोगशाळेत लीचिंगची (झिलईतून अन्नात काय उतरतं याची) चाचणी करून घ्या, कारण लिंबाला शिसं दिसत नाही.