आठवीनंतर शाळेतली खिचडी बंद होते, मग मुलीचं रक्त कसं सांभाळावं

सहावी ते आठवीच्या मुलांना प्रधानमंत्री पोषण योजनेत १५० ग्रॅम तांदळाचं, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं जेवण ठरलेलं आहे. नववीला पोरगी तालुक्याच्या शाळेत गेली की हे ताट सुटतं. पाळी आणि वाढती उंची यांमुळे लोहाची गरज मात्र याच वयात वाढते. त्यात सकाळची एसटी धरायची, म्हणून ती चहा-बिस्किटावरच निघते.

आधी उपकेंद्रात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. ८ च्या खाली असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

त्याच वेळी सिकलसेलची, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, चाचणीही मागा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट या भागात तर ती टाळूच नये. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोहाच्या गोळ्या देत नाहीत. नुसती वाहक असली, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला असला, तर ती आजारी नसते; नातेवाइकांत उगाच चर्चा नको.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते: ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पुष्कळ पोरी ती गुपचूप फेकून देतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. म्हणून जेवल्यावरच घ्यायला सांगा. पुढे-मागे तासभर चहा नको, दूधही नको. शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्त आधीच कमी असेल तर आठवड्याच्या एका गोळीनं भागत नाही, डोस डॉक्टर ठरवतील. जंताची गोळी वर्षातून दोनदा, चावून.

आता डबा. डाळिंब-बीटावर पैसे घालायची गरज नाही. तुरीचं घट्ट वरण, हरभऱ्याची नाहीतर चवळीची भाजी, भिजवलेले चणे, शेंगदाणे, चालत असेल तर अंडं. सोबत लिंबाची फोड किंवा आवळा हवाच, त्यानं भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं. गुळाच्या चहानं रक्त वाढत नाही, चहा उलट लोह अडवतो. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं वरण तिच्या वाट्याला येत असेल, तर आधी ते बदला.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आकडा हलला नसेल तर गोळी खरंच पोटात जाते का आणि पाळीत रक्त जास्त जातं का, हे तिच्या आईनं एकांतात विचारावं. जे कळेल ते डॉक्टरांना सांगावं.