दोन उंचीच्या पत्रा-शेडसाठी एकच खूणरेषा

मागच्या बाजूला उंच आणि पुढच्या बाजूला बुटके अशी दोन छते असलेले शेड उभारताना प्रत्येक खांबाची उंची जमिनीपासून मोजली, तर जमिनीतल्या चढउतारामुळे दोन्ही छते वाकडी बसतात.

१. पारदर्शक नळीत पाणी भरून सर्व खांबांवर जमिनीपासून सुमारे ३ फुटांवर एकाच पातळीची खूण करावी. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास पातळी चुकते, हे गवंडीही कधी कधी विसरतात.

२. दोन्ही छतांच्या उंच व सखल कडा याच खुणेपासून मोजाव्यात आणि दोन्हींना सारखाच उतार द्यावा.

३. दोन्ही छते जिथे भेटतात त्या मधल्या रांगेतील खांब न कापता वरच्या छतापर्यंत अखंड न्यावेत आणि खालच्या छताच्या आडव्या पट्ट्यांसाठी त्यांनाच अँगलचे (L आकाराच्या लोखंडी पट्टीचे) तुकडे वेल्ड करावेत.

४. आधी खालचे पत्रे बसवावेत, मग वरचे पत्रे त्यांच्यावर किमान १ फूट पुढे येतील असे ठेवावेत. मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढा आराम मोठाच वाटतो.

मात्र वळवाच्या वाऱ्यात ही पुढे आलेली कडाच प्रथम उचलली जाते, म्हणून तेथे हुक-बोल्ट (पत्रा आडव्या पट्टीला आवळणारे आकड्याचे बोल्ट) दुप्पट लावावेत.