रिची ब्लॅकमोर कसे ऐकावेत: साथीदारांच्या क्रमाने एक वाट

सांगली-मिरजेत गाणे ऐकत वाढलेल्या माणसाला एक सवय आपोआप लागते. गवई कोण हे कळले की तो लगेच विचारतो, "साथीला कोण आहे?" इंग्लंडचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांच्या संगीताकडे वळतानाही हाच प्रश्न हाताशी ठेवावा, असे अनेक वर्षांच्या ऐकण्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. 'डीप पर्पल', 'रेनबो' आणि 'ब्लॅकमोर्स नाइट' या तीन बँडमधून त्यांनी इतक्या तऱ्हांचे काम केले आहे की, निवडक गाण्यांचा एखादा संग्रह लावून बसल्यास त्यांचा हात कधी आणि कोणामुळे बदलला, हे कानाला उमगतच नाही. म्हणून पुढे दिलेला क्रम वरवर सालांचा दिसला, तरी त्याचा खरा आधार साथीदारांचा आहे.

तयारी फार लागत नाही, पण जी लागते ती टाळू नये. एकाच डबीतून येणाऱ्या आवाजाऐवजी दोन वेगवेगळे स्पीकर किंवा बरा हेडफोन घ्यावा, कारण या ध्वनिमुद्रणांत गिटार आणि ऑर्गन पुष्कळदा एकमेकांच्या अंगावर चढून वाजतात आणि दोघांना वेगळे काढता आले नाही, तर निम्मा आनंद जातो. अल्बम सलग ऐकावा. त्या काळचा अल्बम पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो, म्हणजे एका बैठकीला एक अल्बम सहज होतो. सलग ऐकण्याबद्दल मी आग्रही आहे, त्याला कारण आहे. मी शाळेत असताना सांगलीच्या एका दुकानातून भरून घेतलेल्या कॅसेटमध्ये 'चाइल्ड इन टाइम' हे दहा मिनिटांचे गाणे फीत संपल्यामुळे शेवटच्या चढाच्या ऐन मध्यात तुटले होते, आणि ते प्रत्यक्षात कसे संपते, हे कळायला मला पाच वर्षे लागली. अर्धे ऐकलेले गाणे मनात अर्धेच राहते.

आता क्रम. ब्लॅकमोर यांचा जन्म १४ एप्रिल १९४५ चा, वेस्टन-सुपर-मेअर या गावचा. 'डीप पर्पल' १९६८ मध्ये उभे राहण्यापूर्वी ते लंडनमध्ये इतरांच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवीत असत. बँडचे पहिले तीन अल्बम नंतर कधीतरी ऐकावेत, सुरुवात तेथून करू नये. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बास वाजवणारे रॉजर ग्लोव्हर आले, जॉन लॉर्ड ऑर्गनवर आणि इयन पेस ड्रमवर होतेच, आणि या पाच जणांचा १९७० चा 'इन रॉक' हा आपला पहिला अल्बम. ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवीत, त्यामुळे त्याला गिटारसारखाच खरखरीत, फाटका आवाज येई. कित्येक जागी गिटार समजून आपण ऐकत असतो तो ऑर्गन असतो. ही गफलत प्रत्येकाची होते आणि ती एकदा होऊ द्यावी, कारण ती लक्षात आली त्याच क्षणापासून दोघांमधली चुरस ऐकू येऊ लागते. 'चाइल्ड इन टाइम' याच अल्बममध्ये आहे. त्याच्या सुरुवातीची ऑर्गनवरची धून अमेरिकेतल्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग' नावाच्या चिजेवरून, तिची लय संथ करून घेतलेली आहे, ही माहिती आपल्याकडच्या रसिकाला विशेष आवडावी.

दुसरी बैठक 'मशीन हेड'ची, १९७२ ची. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे ज्या कॅसिनोत ध्वनिमुद्रण व्हायचे होते, तो ४ डिसेंबर १९७१ रोजी अमेरिकी संगीतकार फ्रँक झापा यांच्या कार्यक्रमात आग लागून जळाला, आणि मग हिवाळ्यामुळे बंद असलेल्या एका हॉटेलाच्या मोकळ्या मजल्यावर हा अल्बम झाला. तळ्यावर पसरलेल्या त्या धुरावरच 'स्मोक ऑन द वॉटर' बेतले आहे. त्याची सुरुवातीची ओळ गिटार हातात घेणारा प्रत्येक मुलगा वाजवतो आणि बहुतेक जण ती चुकीची वाजवतात. सरगमीत लिहायची तर ती अशी होईल: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. परंतु ब्लॅकमोर यांनी प्रत्येक स्वराच्या जोडीला त्याच्या खालचा स्वर घेतला आहे, म्हणजे सा वाजतो तेव्हा त्याच्याखाली मंद्र पंचमही वाजतो. शिवाय ते या दोन तारा नखीने खरडत नाहीत, तर बोटांनी एकदम छेडतात, त्यामुळे दोन्ही स्वर एकाच क्षणी, धार लागल्यासारखे उमटतात. ही ओळ ऐकताना तो एकदमपणा कानाने शोधावा. 'हायवे स्टार'मधला गिटारचा तुकडा मात्र वेगळ्या जातीचा आहे. एरवी ऐनवेळी सुचेल ते वाजवणाऱ्या ब्लॅकमोर यांनी तो स्वर न् स्वर आधी बांधून ठेवला होता आणि त्याचा सांगाडा जुने जर्मन संगीतकार बाख यांच्या वळणाचा आहे. अल्बमच्या १९९७ च्या आवृत्तीत ग्लोव्हर यांनी केलेले ध्वनिमुद्रित आवाजांचे नवे मिश्रणही (मिक्स) मिळते, परंतु कान आधी मूळ मिश्रणावर तयार करावा.

तिसऱ्या बैठकीसाठी घाई करू नये, कारण माझ्या मते या माणसाला समजून घेण्याची किल्ली तेथे आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियो येथे झालेल्या तीन कार्यक्रमांमधून 'मेड इन जपान' हा अल्बम तयार झाला. त्यातले 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' लावावे आणि गाण्याच्या उत्तरार्धापर्यंत शांत बसावे. तेथे शब्द थांबतात. ब्लॅकमोर गिटारवर एक छोटी जागा घेतात आणि गिलन तीच जागा गळ्यातून परत करतात. मग जरा अवघड, मग आणखी वरच्या पट्टीतली, आणि गायक हुबेहूब उत्तर देत देत अखेर एका किंकाळीपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे याला सवाल-जवाब म्हणतात आणि मिरजेच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या रात्री जागवलेल्या श्रोत्याला यात काहीही परके वाटणार नाही. लक्ष द्यायचे ते असे की, ब्लॅकमोर गायकाला पाडण्यासाठी वाजवत नाहीत. गळ्याला पेलेल, पण थोडी कसरत पडेल, एवढ्याच अंतरावर ते प्रत्येक वेळी पुढचा स्वर ठेवतात. याच अल्बमवरचे 'चाइल्ड इन टाइम' त्यानंतर ऐकावे.

१९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. 'बर्न' आवर्जून ऐकावा. 'स्टॉर्मब्रिंगर' एकदा ऐकला तरी पुरेसा आहे; त्यातला सोल आणि फंक या अमेरिकी शैलींकडचा ओढा ब्लॅकमोर यांना रुचला नाही, आणि १९७५ मध्ये ते बाहेर पडले.

'रेनबो'कडे जाण्यापूर्वी गिटारच्या दांडीबद्दल सांगणे आवश्यक आहे. ब्लॅकमोर यांच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या दांडीवर दोन धातूच्या पट्ट्यांमधले लाकूड खोलगट कोरलेले असते. माझ्या एका मित्राने तशी कोरलेली गिटार मिळवली, तेव्हा आम्ही ती मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिरांना दाखवायला नेली. त्यांनी तार दाबली, बोट खाली लाकडाला टेकत नाही हे पाहिले, तार हळूच आडवी ओढली आणि म्हणाले, "अहो, ही तर मिंडेची सोय केलीय." सतारीचे पडदे वक्र आणि दांडीपासून उंच असतात, म्हणून तार एका पडद्यावर दाबून बाजूला खेचली की चार-पाच स्वरांपर्यंतची मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, निघते. गिटारवर एवढे अंतर निघत नाही. पण लाकडाचा अडथळा गेला की तार ओढणे आणि स्वर आंदोलित ठेवणे बोटाच्या पूर्ण ताब्यात येते. हे एकदा समजले की, ब्लॅकमोर यांचे लांब, थरथरते स्वर ऐकताना आपण वेग मोजणे सोडून देतो आणि स्वर कोठून निघून कोठे टेकला, ते ऐकू लागतो.

हा कान घेऊन चौथ्या बैठकीला 'रेनबो'चा १९७६ चा 'रायझिंग' लावावा. गायक रॉनी जेम्स डिओ आणि ड्रमवर कोझी पॉवेल, हे येथले नवे साथीदार. अल्बम जेमतेम ३३ मिनिटांचा आहे आणि त्याच्या दुसऱ्या बाजूला दोनच गाणी आहेत. त्यांतले 'स्टारगेझर' पॉवेल यांच्या ड्रमच्या गडगडाटाने सुरू होते आणि पुढे त्यात म्युनिक फिलहार्मॉनिक हा वाद्यवृंद मिसळतो. आकाशात उडण्यासाठी मनोरा बांधून घेणारा जादूगार आणि त्यासाठी राबणारे गुलाम, अशी त्याची कथा आहे, आणि ती गुलामाच्या तोंडून सांगितली आहे. गिटारच्या तुकड्यात कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यामधली ती ताणलेली फट ऐकावी. भैरव ओळखणारा कान तिच्यावर लगेच थांबेल. येथे समोर लॉर्ड यांच्यासारखा तुल्यबळ ऑर्गन नाही, म्हणून ब्लॅकमोर यांची गिटार भांडत नाही. डिओ यांचा आवाज कथा सांगतो आणि गिटार तिच्यासाठी अवकाश उभा करते. दोन वर्षांनी आलेल्या 'लाँग लिव्ह रॉक अँड रोल'मधले 'गेट्स ऑफ बॅबिलॉन' याच्याच पाठोपाठ ऐकावे.

डिओ गेल्यानंतरचे 'रेनबो' अनेक चाहते कमी लेखतात. मला तो अन्याय वाटतो. ग्रॅहॅम बॉनेट यांच्यासोबतचा १९७९ चा 'डाउन टू अर्थ' आणि जो लिन टर्नर यांच्यासोबतचा १९८१ चा 'डिफिकल्ट टू क्युअर' यांत गाणी आटोपशीर, रेडिओला साजेशी झाली हे खरे, परंतु थोडक्या जागेत नेमके वाजवणे हीही विद्याच आहे. १९८४ मध्ये 'डीप पर्पल'चे जुने पाचही जण एकत्र आले आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' झाला. त्याच्या शीर्षकगीताच्या आरंभी लॉर्ड यांचा ऑर्गन एकटाच येतो, तो क्षण चुकवू नये. ब्लॅकमोर १९९३ च्या नोव्हेंबरात पुन्हा निघून गेले, त्यामुळे 'डीप पर्पल' १९९५ मध्ये मुंबईत वाजले, तेव्हा गिटारवर स्टीव्ह मोर्स होते. १९९७ पासून 'ब्लॅकमोर्स नाइट'मध्ये ब्लॅकमोर आपल्या सहचारिणी कँडिस नाइट यांच्या गायनाला साथ करीत बहुतांशी विजेच्या जोडणीविना वाजणारी, हळुवार, युरोपातल्या जुन्या लोकसंगीताच्या अंगाची गिटार वाजवीत आहेत. त्यांचा 'शॅडो ऑफ द मून' हा अल्बम ऐकताना, जपानात गायकाच्या पट्टीचा अंदाज घेत स्वर ठेवणारा हात तोच आहे का, हे पाहावे.

शेवटची बैठक पुन्हा 'मेड इन जपान'ची ठेवावी आणि त्यातले 'लेझी' लावावे. या खेपेस गिटारकडे कान देऊ नये. जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेले. त्यांच्या ऑर्गनचा माग सुरुवातीपासून धरावा, आणि ब्लॅकमोर कोणकोणत्या जागी हात आवरून त्यांना पुढे जाऊ देतात, त्या जागा कागदावर टिपून घ्याव्यात.