धर्मादाय हॉस्पिटलात राखीव बेड कसा मागायचा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच मोठमोठ्या खाजगी हॉस्पिटलांमागे धर्मादाय ट्रस्ट असतो, आणि कायद्याने (कलम ४१अअ) त्यांना १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि अजून १०% दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही!! त्यामुळे ॲडमिट होतानाच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आल्यावर नाही, तोपर्यंत खूप उशीर होतो.

आधी समाजसेवा विभागात जायचं, तिथल्या एमएसडब्ल्यूला (म्हणजे वैद्यकीय समाजसेवकाला) भेटायचं. सोबत रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दाखला नसेल तर आजच सेतूत अर्ज टाका कारण नेमका गरजेच्या वेळी तो मिळत नाही. बेड नाही म्हणाले तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा, नुसतं तक्रारीचं नाव काढलं तरी कधीकधी बेड निघतो म्हणे. इमर्जन्सी असेल तर निर्धन रुग्णाकडे डिपॉझिट मागता येत नाही, हे ठासून सांगा.

महात्मा फुले योजना (सरकारची मोफत उपचारांची) वेगळी, त्यासाठी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत कव्हर आहे पण यादीतल्याच आजारांना. नुसता ताप-खोकला, तपासण्या वगैरे असेल तर सरळ सरकारी दवाखान्यात जा, आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेसुद्धा पैसे नाहीत. गोळ्या रोजच्या असतील तर डॉक्टरांना जेनेरिक नाव (कंपनीच्या ब्रँडचं नाही, औषधाचं मूळ नाव) लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रातून घ्या.