मंगोलियातील पशुपालकांच्या घरी राहताना

गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या प्रवाशाने मंगोलियाला जाण्यासाठी जून ते ऑगस्ट हाच काळ निवडावा. मात्र तेव्हाही रात्री कडक गारठा पडतो, म्हणून लोकरीचे कपडे सोबत घ्यावेत. राजधानी उलानबातरमधून स्थानिक चालक आणि दुभाष्या ठरवणे मी अत्यावश्यक मानतो, कारण गवताळ प्रदेशात बहुतेक वाटा कच्च्या असतात आणि पशुपालक कुटुंबे ऋतूनुसार मुक्काम हलवतात.

त्यांच्या नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या, गोल तंबूला गेर म्हणतात. जवळ पोहोचताच कुत्रे आवरण्यासाठी लांबूनच हाक द्यावी. दक्षिणाभिमुख दारातून आत शिरताना उंबरठ्यावर पाय न ठेवता डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या, बाजूला जावे. समोरची उत्तरेची जागा मानाची असते, तिथे सांगितल्याखेरीज बसू नये. मधल्या दोन खांबांमधून जाऊ नये, चुलीतही कचरा टाकू नये, कारण तेथील अग्नी पवित्र मानला जातो, आणि हे आपल्याला समजायला मुळीच कठीण नाही.

खारट दुधाचा चहा, वाळवलेले दही किंवा उन्हाळ्यात घोडीचे आंबवलेले दूध पुढे आले, तर उजव्या हाताने, डाव्या हाताचा आधार देऊन, ते स्वीकारावे व निदान ओठांना लावावे. आहारात मांस आणि दूधच मुख्य असल्याने शाकाहारी माणसाने आधीच कळवून स्वतःचा शिधा न्यावा. भेट म्हणून गोव्याचे काजू उत्तम. राहण्याचे पैसे मात्र तुग्रिक या तिथल्या चलनात, आधी ठरवून, वेगळे द्यावेत.