टीचर, आपण जिंकलो की हरलो?

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेनंतर धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. मी बरीच वर्षं तो घेते आहे. सुरुवातीच्या काळात सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "टीचर, शाळेत चिमाजी अप्पांचा धडा झाला. वसईच्या लढाईत आपण जिंकलो की हरलो?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "आपले पूर्वज शेतकरी, बाळा. त्यांचा लढाईशी काय संबंध?" आणि गाण्याची वही उघडायला सांगितली. तो मुलगा पुन्हा कधी काही विचारायला आला नाही. ते मला अजून लागून आहे. पुढे जे काही शिकले आणि शिकवलं, ते त्या एका प्रश्नामुळे. वर्ग घेणाऱ्यांसाठी, घरी मुलांना गोष्टी सांगणाऱ्या आईबापांसाठी आणि मुलांसाठी चार पानं लिहू पाहणाऱ्यांसाठी ते इथे मांडते आहे.

त्या मुलाच्या प्रश्नात सगळ्यात अवघड शब्द होता "आपण". म्हणून माझी पहिली सूचना अशी: मुलांसाठी काहीही लिहिलंत की लाल पेन्सिल घ्या आणि पानावरच्या प्रत्येक "आपण", "आपले" आणि "ते" या शब्दांखाली रेघ मारा. मग एकेका शब्दाला विचारा, हे आपण म्हणजे कोण? पोर्तुगीज? मराठे? वसईचे कुपारी, वाडवळ, कोळी? की सगळी ख्रिस्तसभा? मोठ्यांच्या लेखनात हा घोळ खपतो. दहा वर्षांचं मूल मात्र त्या शब्दावरून आपली जागा ठरवत असतं.

यातूनच दुसरी गोष्ट येते आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वसईचे संत गोन्सालो गार्सिया "आपले" असं म्हणायचं आणि इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे, न्यायाधीश मात्र "ते" म्हणायचे, हे चालणार नाही. ख्रिस्तसभा संतांची आहे तशी पाप्यांचीही आहे, असं पहिल्या कम्युनियनच्या तयारीतच आपण मुलांना शिकवतो. मग इतिहासाच्या तासाला ते विसरून कसं चालेल? पोप तेरावे लिओ यांनी 1881 साली व्हॅटिकनचं गुप्त दफ्तर अभ्यासकांना खुलं केलं. 1883 च्या पत्रात त्यांनी एका जुन्या रोमन वचनाची आठवण दिली: इतिहासाचा पहिला नियम म्हणजे खोटं सांगायला धजू नये, आणि दुसरा म्हणजे खरं सांगायला भिऊ नये. माझ्या वर्गाच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात हे दोन नियम कायम लिहिलेले असतात.

सुरुवात कुठून करायची? सनावळीपासून नको. मुलाच्या हाताला लागेल तिथून करा. मी आडनावापासून करते. पहिल्या तासाला प्रत्येकाने फळ्यावर आपलं आडनाव लिहायचं: लोपीस, डिसिल्वा, परेरा, रॉड्रिग्ज. शेजारी आजी घरी बोलते ते एक वाक्य, आणि त्याच्या शेजारी आजी काय नेसते ते. फळा भरतो तो असा: आडनाव पोर्तुगीज, बोली सामवेदी, नेसण लाल लुगड्याचं. मग मी एवढंच विचारते, "यातलं काय लिस्बनहून आलं आणि काय इथलंच आहे?" इथून पुढे मुलंच बोलतात. पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नावही बदललं, हे त्यांना तिथेच कळतं. कुणी ना कुणी विचारतंच, "आधी नाव काय होतं?" बहुतेक घरांत ते कुणाला माहीत नसतं. ही हुरहूर मुलांना जाणवू द्या, लगेच बुजवायला जाऊ नका.

आठ वर्षांखालच्या मुलांना गोष्ट पुरे. एक माणूस, एक प्रसंग, एक चित्र. नऊनंतर "का?" सुरू होतो. बारानंतर "हे बरोबर होतं का?" ज्या वयाचा जो प्रश्न, त्याचंच उत्तर द्यावं.

नऊ ते बारा या वयासाठी गोन्सालो गार्सियांसारखा दुसरा धडा नाही. त्यांचा सण फेब्रुवारीत येतो, मुलं नोव्हेनाला, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, आलेली असतात, पण कथा त्यांना अर्धीच ठाऊक असते: वसईचा मुलगा, क्रूसावर मेला, संत झाला. मी ती नकाशावर सांगते. वर्गाच्या जमिनीवर खडूने वसई, मनिला आणि नागासाकी काढते. वसईच्या किल्ल्यात जेजुइट धर्मगुरूंकडे शिकलेला हा पोरगा त्यांच्याबरोबर जपानला जातो, भाषा शिकतो, पुढे व्यापार करतो, मग मनिलात फ्रान्सिस्कन या संन्यासी संघात बंधू होतो. 1593 साली फ्रान्सिस्कनांची मंडळी जपानला निघते तेव्हा त्यांना दुभाषा हवा असतो, आणि जपानी येणारा हा वसईकर त्यांच्याकडे असतो. इथे थांबा. दोन भाषा येणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना कुणी सांगायला नको. घरी एक, शाळेत दुसरी, ट्रेनमध्ये तिसरी. संत त्यांच्या हाताशी येतो तो इथे.

मग हिदेयोशी, त्यांना मारायचा हुकूम देणारा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश. त्याला राक्षस करू नका. 1596 मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलं. आधी धर्मगुरू पाठवायचे आणि मागून सैन्य, अशी स्पेनची रीत आहे, अशी बढाई त्यावरच्या एका खलाशाने मारली, असं सांगतात. मुलांना विचारा: "तू जपानचा राजा असतास आणि हे ऐकलं असतंस तर?" मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "मला भीती वाटली असती." बस. हिदेयोशीला भीती वाटली हे समजूनही त्याने केलं ते अन्यायाचंच राहतं, पण आता मुलाला कारण दिसतं. कारण न सांगता नुसता छळ सांगितला तर मुलाच्या मनात द्वेष तेवढा उरतो.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर 26 जणांना क्रूसावर मारलं. त्यांत 20 जपानी, 4 स्पॅनिश, 1 मेक्सिकोचा आणि 1 आपला वसईचा. हा आकडा मी मुलांकडून फळ्यावर मांडून घेते, कारण ख्रिस्तसभेचं "आपण" केवढं मोठं आहे ते या एका बेरजेत दिसतं. त्याआधी महिनाभर ऐन थंडीत त्यांना चालवत नेलं होतं, साधारण वसई ते नागपूर एवढं अंतर. त्यांत तीन मुलगे होते. सगळ्यात लहान लुईस इबाराकी 12 वर्षांचा. 14 वर्षांच्या थॉमस कोझाकीने वाटेत आईला पत्र लिहिलं होतं.

इथे एक इशारा. जखमा, भाले, रक्त यांचं वर्णन टाळा. आणि "तू असतास तर मेला असतास का?" हा प्रश्न कधीही विचारू नका. मूल एक तर खोटं उत्तर देतं, नाही तर रात्री झोपत नाही. मी विचारते, "थॉमसच्या आईला भेटलास तर तिला काय म्हणशील?" एका मुलाने लिहिलं होतं, "मी काही म्हणणार नाही, तिच्याजवळ बसेन." 1862 साली पोप नववे पायस यांनी या 26 जणांना संतपद दिलं, हे मी अगदी शेवटी सांगते.

पोर्तुगीजांच्या आधीही इथे ख्रिस्ती माणसं आली होती, हे मुलांना हमखास ठाऊक नसतं. 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, आणि जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन फादरांनी त्यांना सोपाऱ्यात पुरलं. रोज नालासोपारा स्टेशनवरून जाणाऱ्या मुलाचे डोळे हे ऐकून मोठे होतात. हा धडा छोटाच ठेवा. आणि वर्गाबाहेर पडल्यावर शेजारच्या मुसलमान मित्राकडे मूल वेगळ्या नजरेने बघणार नाही, अशा बेताने सांगा.

आता अवघड भाग. बारा वर्षांवरच्या मुलांपासून तो लपवू नका, कारण फोनवर त्यांना तो सापडणारच, आणि तोही रागाने लिहिलेला. मी त्यांना बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांत घेऊन जाते. शिवाचं लेणं, 16व्या शतकात फ्रान्सिस्कनांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. मराठ्यांनी हा मुलूख घेतल्यावर ते पुन्हा शिवाकडे गेलं. मठाच्या पडक्या भिंती अजून वर उभ्या आहेत. मी काही न बोलता मुलांना पंधरा मिनिटं नुसतं बघायला लावते. मग विचारते, "तुझ्या चर्चचं कुणी असं केलं असतं तर?" मुलांना न्याय कळतो, फक्त आपण त्यांना तो वापरू द्यायला हवा.

इन्क्विझिशनचं तसंच. 1560 ते 1812, मध्ये काही वर्षं सोडली तर, गोव्यात ते चाललं आणि वसईपर्यंत त्याचा धाक होता. हे सांगताना मी प्रायश्चित्त संस्काराची वाट धरते, कारण मुलांना ती पाठ असते: आधी आठवायचं, मग नाव घेऊन कबूल करायचं, मग पश्चात्ताप. "पण" म्हणून सुरुवात केलेलं पापनिवेदन फादर ऐकून घेतात का? तसंच इथेही. "पण त्या काळी सगळेच तसं करत" हे वाक्य कारणं समजावताना चालेल, कबुलीच्या जागी नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये, सत्याची सेवा म्हणून वापरलेल्या हिंसेबद्दलही देवाकडे क्षमा मागितली. तो फोटो मिळाला तर वर्गात लावा. म्हातारा, वाकलेला माणूस क्रूसाला धरून उभा आहे. माझं दहा मिनिटांचं बोलणं त्यापुढे फिकं पडतं.

आणि त्याच काळातलं चांगलंही त्याच स्पष्टपणे सांगा. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सनी 1616 साली गोव्यात राशोलला ख्रिस्तपुराण छापलं, मराठी ओवीत, कारण नव्या ख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत, आपल्या छंदात काहीतरी हवं होतं. पुढे 1684 मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. राज्य तेच, धर्म तोच. मी दोन्ही एकाच तासाला शिकवते आणि शेवटी मुलांकडून दोन ओव्या मोठ्याने म्हणवून घेते.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. आज मी त्याला काय सांगेन? मे 1739 मध्ये वसई पडली. तहाप्रमाणे पोर्तुगीज आपलं सामान घेऊन निघून गेले, आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मुभा मिळाली. युरोपियन पाद्री गेले, गोव्याकडचे देशी धर्मगुरू राहिले. नांगर धरणारे राहिले, होड्या वल्हवणारे राहिले. बाळा, हरला तो पोर्तुगालचा राजा. जिंकले चिमाजी अप्पा, आणि त्यांच्या सैन्यात तुझ्यामाझ्यासारखी मराठी बोलणारीच माणसं होती. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी दुसऱ्या दिवशी वाडीला पाणी लावलं आणि रविवारी ते मिस्सेला गेले. नुसत्या बंदुकीच्या जोरावर आलेला धर्म असता तर बंदुका गेल्यावर तोही गेला असता.

हे सांगून झाल्यावर मी वर्गाला नाशिकला नेते. पंचवटीत रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळावर वसईच्या मोहिमेतून आणलेली चर्चची घंटा टांगलेली आहे, तिच्यावर 1721 हे साल आहे. "नारोशंकराची घंटा" हा वाक्प्रचार मुलं शाळेत शिकलेली असतात, ती घंटा आपल्याकडची हे माहीत नसतं. जायचं तर पहाटेची गाडी धरा, दुपारी तिथे सावली नाही. देवळात चपला बाहेर काढायच्या, आवाज करायचा नाही, पुजाऱ्यांना आधी नमस्कार करायचा, हे निघण्याआधी मुलांना बजावून ठेवा. वह्या बरोबर द्या, पण प्रश्न देऊ नका.

गेल्या वेळी एका मुलीने वर बघत विचारलं, "टीचर, ही परत मागायची का?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती खूप वेळ बघत राहिली. परतीच्या गाडीत, इगतपुरी गेल्यावर, तिने वही दाखवली. घंटेचं चित्र काढलं होतं, खाली दोन ओळी होत्या: पहिली अठरा वर्षं वसईत वाजली. नंतर नाशिकला.