स्केलच्या किनाऱ्यावर जाताना

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर स्केलच्या उपसागराला सर्फिंगसाठी जायचं तर आधी वाऱ्याचा अंदाज बघा, मग भरती-ओहोटीच्या वेळा. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या स्क्रॅब्स्टर बंदरातून ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेसची बोट दीड तासाची. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधूनच निघते.

लाटा थेट अटलांटिकच्या. सर्फिंग नीट येत असेल तरच उतरा, एकट्यानं तर मुळीच नाही. जूनमध्येही ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख) आणि बूट हवेतच. प्रवाह आत ओढू लागला तर त्याच्याशी झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा.

पण दोन तास तरी स्कारा ब्रेसाठी राखा. हे प्राचीन गाव किनाऱ्याला लागूनच आहे. १८५० च्या वादळानं वाळू उडवली आणि सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची घरं उघडी पडली. मधोमध चूल, कडेला दगडी पलंग आणि दारासमोर दगडी फळ्यांची मांडणी, अगदी आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातल्यासारखी! ती पाहून माझे डोळे भरून आले. भिंतींवर पाय देऊ नका, वरच्या पायवाटेवरून सगळं दिसतं. समुद्र अजूनही तो काठ कुरतडतोय, म्हणून पुढे संरक्षक भिंत घातली आहे.